उन्हाच्या वेळा सांभाळून नागपूर पाहायचे कसे?

एप्रिल महिन्यात या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नव्याने नागपुरात आलेल्या वाचकांची पत्रे जास्त असतात. बदली, शिक्षण किंवा नोकरीनिमित्त आलेल्या या मंडळींना शहराची ओळख व्हायच्या आतच येथील ऊन भेटते. यंदाच्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी बँकेत नोकरीला असून मार्चमध्ये रत्नागिरीहून माझी नागपूरला बदली झाली. घरात नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. रत्नागिरीला असताना आम्ही उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जात होतो. येथे शेजारी सांगतात की आता जूनपर्यंत घराबाहेर पडायचेच नाही. मुलांच्या सुट्या लागत आहेत आणि ती आतापासूनच कंटाळली आहेत. एवढ्या उन्हात आनंदाने जाता येईल अशी ठिकाणे या शहरात आहेत का?
— एक वाचक, मनीषनगर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे दुपारपुरते अगदी खरे आहे आणि उरलेल्या दिवसापुरते मुळीच खरे नाही. नागपूरचा माणूस उन्हाळ्यात घरी बसत नाही, तो वेळ बदलतो. पहाटे पाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर रात्री उशिरापर्यंत हे शहर रस्त्यावर असते. मधल्या वेळेत ते भिंतींच्या आड जाते. म्हणून कुठे जायचे याच्या आधी किती वाजता जायचे हे ठरवावे, म्हणजे अर्धा प्रश्न तेथेच सुटतो.

ठिकाणांकडे वळण्यापूर्वी कोकणातून आलेल्या कुटुंबाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. रत्नागिरीला तापमान कमी असले तरी हवेत दमटपणा असल्याने घाम अंगावर साचतो आणि आपण थकलो आहोत हे शरीर लगेच सांगते. येथील हवा कोरडी असल्याने आलेला घाम क्षणात उडून जातो, कपडे भिजत नाहीत, आणि मुलांच्या अंगातले पाणी कमी होत असल्याचे आईच्याही लक्षात येत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर राहणे येथे नित्याचे आहे. २३ मे २०१३ रोजी तर ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. तेव्हा मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी, कैरीचे पन्हे, ताक किंवा ज्वारीची आंबील द्यावी. बाहेर पडताना डोके आणि कान सुती दुपट्ट्याने झाकावेत, कारण येथे उन्हाइतकाच त्रास गरम वाऱ्याचा होतो. मूल मलूल झाले, त्याला उलटी झाली, अंग तापूनही घाम येईनासा झाला किंवा ते असंबद्ध बोलू लागले, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओल्या कापडाने पुसत तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

आता सकाळ. अंबाझरी तलावाच्या मागच्या बाजूला वनविभागाचे जैवविविधता उद्यान आहे. समुद्र सुटल्याची चुटपुट मुलांना लागली असेल तर पहिल्या रविवारी त्यांना येथेच न्यावे. उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे सरकते, काठावर ओला चिखल उघडा पडतो आणि त्या चिखलात लांब पायांचे पक्षी चोच खुपसत फिरत असतात. हिवाळी पाहुणे पक्षी एव्हाना परतलेले असले तरी येथे राहणारे पक्षी पाण्याच्या आसपास एकवटतात, त्यामुळे ते सहज दिसतात. मेच्या अखेरीस शहरालगतच्या गोरेवाड्याच्या बाजूच्या झाडीत नवरंग पक्षी येतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. तुमच्या मुलाच्या वयाला ही शीळ ओळखायला शिकणे नक्की आवडेल. दुर्बीण नसली तरी चालेल. साडेआठ वाजले की मात्र कितीही रमले असले तरी परत फिरावे.

रोजच्या फेरीसाठी एवढे दूर जाण्याची गरज नाही. भोसल्यांच्या काळातील महाराजबाग शहराच्या अगदी मध्यावर असून तेथील जुन्या झाडांची सावली दाट आहे. सिव्हिल लाइन्सच्या रुंद रस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये बहावा आणि गुलमोहर फुललेले असतात, आणि सासूबाईंना सपाट रस्त्यावरून सावकाश चालता येईल अशी याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. लहान मुलांच्या बागेत एक खबरदारी घ्यावी. संध्याकाळी ऊन उतरल्यावरही लोखंडी घसरगुंडी बराच वेळ तापलेली असते, म्हणून मुलीला बसवण्यापूर्वी तिच्यावर तळहात टेकून पाहावा.

दुपारी बाहेर राहावे लागलेच तर दोन जागा मनात ठेवाव्यात. गांधीसागर तलावासमोरचे रामन विज्ञान केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. हाताने चाकी फिरवून, कळ दाबून, आरशात पाहून विज्ञान समजावे अशी तेथील मांडणी असल्यामुळे नऊ वर्षांच्या मुलाचे दोन-तीन तास तेथे सहज जातात, आणि तारांगणाच्या गार, काळोख्या सभागृहात चार वर्षांची मुलगी झोपली तरी काही बिघडत नाही. ज्यांच्या नावाचे हे केंद्र आहे ते सी. व्ही. रामन तरुणपणी सरकारी वित्तखात्यात होते आणि १९१० च्या सुमारास तुमच्यासारखेच बदली होऊन काही काळ नागपुरात राहिले होते. मुलांना ही गोष्ट तेथे जाण्यापूर्वी सांगावी.

दुसरी जागा म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयाला जुने नागपूरकर अजूनही अजब बंगलाच म्हणतात. भुसा भरून ठेवलेले प्राणी-पक्षी पाहायला मुले धावतात, पण गोंड आणि इतर आदिवासी समाजांच्या वस्तूंचे दालन घाईने ओलांडू नये अशी माझी विनंती आहे. नागपूर शहराची पायाभरणी १७०२ मध्ये देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने केली, आणि नव्या गावाशी नाते जोडायचे तर ते गाव कोणी वसवले हे मुलांना ठाऊक असावे. हे संग्रहालय सोमवारी बंद असते.

संध्याकाळसाठी फुटाळा तलाव सर्वांनाच माहीत आहे आणि म्हणूनच रविवारी तेथे उभे राहायलाही जागा नसते. आठवड्यातल्या एखाद्या मधल्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी जावे. माझी अधिक आवडती जागा कडबी चौकाजवळचे नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे. अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाड्यांचे मोठे जाळे बंगाल नागपूर रेल्वेने या मुलखात विणले होते, आणि नागपूरहून छिंदवाड्याला व नागभीडला जाणाऱ्या त्या गाड्या गेल्या काही वर्षांपर्यंत चालू होत्या. त्यांची इंजिने, डबे, दिवे आणि घंटा येथे जवळून पाहता येतात. अंगण उघड्यावर असल्यामुळे ऊन कलल्यावर जावे, आणि सोमवार येथेही टाळावा.

सासूबाईंना घेऊन पूर्ण दिवसाची सहल करायची असेल तर सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेक निवडावे, पण घरातून पहाटे पाचला निघण्याची तयारी असेल तरच. वाहन डोंगरावर बरेच वरपर्यंत जाते, त्यामुळे सगळ्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. गडमंदिराच्या आवारात अनवाणी फिरावे लागते आणि तेथील दगडी फरशी सकाळी दहानंतर इतकी तापते की मोठी माणसेही सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत चालतात. मुलांसाठी जाड पायमोजे सोबत ठेवावेत. वाटेतच वाकाटक काळातील केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही मंदिरे आहेत. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या जाड दगडी भिंतींच्या आत पाऊल ठेवताच बाहेरची झळ थांबते. विदर्भात आल्यावर हा गारवा एकदा अनुभवावाच. प्रभावती गुप्त या वाकाटक राणीच्या घराण्याशी निगडित असा शिलालेख केवल नरसिंहाच्या मंदिरात आहे, आणि तिची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचेच नगरधन. कालिदासाच्या यक्षाने आषाढातला मेघ जेथून पाहिला तो रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले आहे. वरून खिंडसी तलावाचे पाणी दिसते. माकडे पुष्कळ आहेत, म्हणून प्रसादाची पिशवी मुलांच्या हाती देऊ नये. दहा वाजता डोंगर उतरून, वाटेत एखाद्या रसवंतीवर थांबून बारापर्यंत घरी यावे. मनसरची उत्खननात सापडलेली स्थळे तेथून जवळ असली तरी ती हिवाळ्यासाठी राखून ठेवावीत.

खाण्याबद्दल एवढेच सांगतो की मे महिन्यात नागपुरी संत्री शोधू नयेत, कारण मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलोऱ्याची, फळे साधारण एप्रिलपर्यंत संपतात. सकाळच्या फेरीनंतर टपरीवरचे तर्री पोहे जरूर खावेत, मुलांच्या ताटलीत तर्री बेताने घ्यावी. सावजी पद्धतीचे झणझणीत जेवण मात्र पहिल्या पावसानंतरच करावे. त्यातला मसाला आणि येथील दुपार यांचे एकमेकांशी पटत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरचा असून मिहानमधील एका कंपनीत नोकरीला लागलो आहे. खामल्यात दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. स्वतःचे वाहन नाही आणि पगारातून घरी पैसे पाठवायचे असल्याने फार खर्चही करता येत नाही. सुटीच्या दिवशी खोलीत कूलरसमोर पडून राहण्यापलीकडे काही सुचत नाही. कमी खर्चात काय पाहता येईल?
— एक तरुण वाचक

उत्तर : तुमच्या हाताशी मेट्रो आहे आणि तिच्याइतकी स्वस्त थंड हवा या शहरात दुसरीकडे मिळणार नाही. दोन्ही मार्गांचा पूर्ण विस्तार डिसेंबर २०२२ पासून सुरू झाला असून खापरीहून येणारा आणि लोकमान्यनगरकडे जाणारा हे दोन मार्ग सीताबर्डीला मिळतात. एखाद्या संध्याकाळी केवळ शहर पाहण्यासाठी या गाडीत बसावे. लोकमान्यनगरकडे जाताना अंबाझरी तलाव उंचावरून दिसतो, आणि गावाचा कोणता भाग कोणत्या दिशेला आहे हे त्या एका प्रवासात डोक्यात पक्के बसते.

यंदा १ मेचा दिवस मुळीच चुकवू नका. सीताबर्डीचा किल्ला, ज्याला येथे सगळे बर्डीचा किल्ला म्हणतात, तो लष्कराच्या ताब्यात असून सामान्य नागरिकांसाठी वर्षातून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशीच उघडतो. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेची आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींची लढाई याच टेकडीवर झाली, आणि नागपूरच्या स्वतंत्र सत्तेचा शेवट तेथून सुरू झाला. ओळखपत्र जवळ ठेवावे, दरवाजे उघडताच आत जावे आणि ऊन चढायच्या आधी उतरावे. तेथून शून्य मैलाचा दगड आणि त्याजवळचे दगडी घोडे फार दूर नाहीत.

महाल या जुन्या वस्तीतली एक पायी फेरीही अशीच विनाखर्चाची आहे. सकाळी सहाला ‘शुक्रवारी’ या जुन्या नावाच्या तलावाच्या काठावरून, म्हणजे आजच्या गांधीसागरावरून निघावे, पूर्वी जुम्मा दरवाजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गांधीद्वारातून आत शिरावे आणि जुन्या वाड्यांच्या बोळांतून चालत राहावे. रुक्मिणी मंदिरातील लाकडी कोरीवकाम मान वर करून सावकाश पाहण्यासारखे आहे. बोळ अरुंद आणि घरे उंच असल्यामुळे आठपर्यंत तेथे ऊन पोहोचत नाही.

दुपारचे तीन-चार तास घालवायचे तर वाचनालयासारखी जागा नाही. विदर्भ साहित्य संघाची स्थापना १९२३ मधली, त्याची वास्तू बर्डीवर आहे. जवळच राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे. एखाद्या वाचनालयाची वर्गणी भरून टाका. या भागातील लेखकांची पुस्तके येथे जितकी एकत्र मिळतील तितकी कोल्हापुरात मिळणार नाहीत, आणि वाचनालयात नियमित जाणाऱ्याला नव्या शहरात ओळखी आपोआप होतात. तुमच्या पत्रात शब्दांत लिहिलेला नसला तरी एकटेपणा जाणवला, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

दीक्षाभूमीवर जावे ते सहल म्हणून नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. २००१ मध्ये खुल्या झालेल्या स्तूपाचा घुमट आतून पोकळ आहे आणि त्याखालच्या विस्तीर्ण, शांत सभागृहात कितीही वेळ बसता येते. तेथे बोलणे कमी करावे आणि छायाचित्रांचा मोह आवरावा.

महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळच्या रेल्वेने वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावर उतरून आश्रमात जा. गांधीजी १९३६ मध्ये तेथे राहायला आले. बापूकुटीच्या मातीच्या जाड भिंती, कौलारू छप्पर, खाली उतरलेले पडवीचे वळचण आणि शेणाने सारवलेली जमीन यांमुळे वर्ध्याच्या भाजून काढणाऱ्या दुपारीसुद्धा आत बसवते. विजेवाचून घर थंड कसे ठेवावे याचे उत्तर तेथे उभे आहे, आणि ज्याला दिवसभर काचेच्या इमारतीत काम करावे लागते त्याने ते अवश्य पाहावे. परतताना पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात थांबता येते. उन्हाळ्यात नदीत पाणी थोडेच असते.

प्रश्न : आम्ही निवृत्तीनंतर पुणे सोडून मुलाकडे नागपुरात राहायला आलो आहोत. मे महिन्यात मुलीची मुले, वय सहा आणि तेरा, पुण्याहून येणार आहेत. त्यांना वाघ दाखवायचा आहे. एवढ्या उन्हात पेंचला नेणे योग्य ठरेल का?
— एक आजी-आजोबा, त्रिमूर्तीनगर

उत्तर : वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यातच सर्वांत जास्त असते, ही गोष्ट खरी आहे. सागाची पाने गळून गेल्यामुळे जंगलात दूरवरचे दिसते, ओढे आटल्यामुळे प्राण्यांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते, आणि वाघ तर दुपारचे तासन्‌तास पाण्यात बसून काढतो. पण ज्या दुपारी वाघ पाण्यात बसतो, त्याच दुपारी तुमचा सहा वर्षांचा नातू उघड्या जिप्सीत बसलेला असेल, हे विसरू नये. त्याला न्यायचे असेल तर फक्त सकाळची फेरी घ्यावी. तेरा वर्षांचे मूल तब्येतीने चांगले असेल आणि डोके-चेहरा झाकून बसणार असेल तर त्याच्यासाठी दुपारची फेरीही चालेल; सोबत आजोबांनी जाऊ नये, मुलाने किंवा सुनेने जावे.

पेंचचे सिल्लारी येथील प्रवेशद्वार नागपूरहून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी तेथे पोहोचून मुक्काम करावा, म्हणजे मुलांना रात्री दोनला उठवून प्रवास करावा लागत नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा नैसर्गिक काळोख जपलेले क्षेत्र, म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मुक्कामाची रात्र अमावास्येच्या आसपासची निवडली तर मुलांना वृश्चिक राशीचा आकडा आणि उत्तररात्री वर येणारी आकाशगंगा अशी दिसेल, जशी पुण्याच्या गच्चीवरून त्यांनी कधी पाहिली नसेल. वाघ दिसो न दिसो, ते आकाश नक्की दिसते, म्हणून तारीख ठरवताना पंचांग आधी उघडावे. जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गाखाली या जंगलातील प्राण्यांना ओलांडून जाण्यासाठी मोठे भुयारी मार्ग ठेवले आहेत. गाडी त्यांवरून जाते तेव्हा मुलांना ते दाखवावे.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग निसर्गानुभवासाठी पाणवठ्यांवरील मचाणांवर नागरिकांना बसू देतो, हे तुमच्या कानावर येईल. त्यात लहान मुलांना घेत नाहीत. तो अनुभव तुमच्या मुलाने आणि सुनेने घ्यावा.

जंगलाचा बेत जमला नाही तर शहरालगत गोरेवाड्याचे प्राणी उद्यान आहे. २६ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या या सफारीत बंद बसमधून वाघ, बिबट्या, अस्वल आणि हरणे पाहता येतात. सहा वर्षांच्या मुलाला ते पुरेसे वाटेल, तेरा वर्षांच्या मुलाला कदाचित वाटणार नाही. पेंच आणि गोरेवाडा या दोन्ही ठिकाणांचे आरक्षण आणि साप्ताहिक सुटी निघण्यापूर्वी तपासावी. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. ते नऊ दिवस मुलांच्या कुठल्याही बेतातून वगळून सफारी मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकावी. मेच्या सुट्यांचे आरक्षण लवकर भरते, तेव्हा नातवंडांच्या तिकिटांची तारीख कळताच सकाळच्या फेरीची जागा राखून ठेवा.